अनवाणी चालल्याने मधुमेहाचा बधिरपणा जात नाही

सांगलीत सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: शुगरमुळे पाय बधिर झाले असतील, तोल जात असेल, तर आमराईत किंवा कृष्णेच्या घाटावर रोज अनवाणी चाला, खडे टोचले की नसा जाग्या होतात.

हे चुकीचं आहे, आणि धोक्याचंही. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की सगळ्यात लांबच्या नसा आधी खराब होतात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. तळव्याला जमीन नीट कळेनाशी होते. मग माणूस नकळत पाय फाकवून, आखूड पावलं टाकत, सावकाश चालू लागतो. दिवसा डोळे सांभाळून घेतात. अंधारात, किंवा तोंड धुताना डोळे मिटले की झोक जातो. पुढे तळपायाचे छोटे स्नायू दुबळे होतात, बोटं वाकतात, चवड्यावर भार वाढून घट्टा पडतो आणि त्याखाली जखम होते. ती दुखत नाही, हीच तर अडचण. तापलेल्या फरशीवर फोड आला तरी पत्ता लागत नाही.

चालणं बंद करा असं कुणी म्हणत नाही. फक्त मापाचे बूट घाला (आत हात फिरवून खडा आहे का बघा) आणि रोज रात्री तळवे आरशात तपासा. डॉक्टर 10 ग्रॅम दाबाला वाकणाऱ्या नायलॉन तंतूने तळव्याचा स्पर्श तपासतात. दोन-चार मिनिटांचं काम, वर्षातून एकदा तरी करून घ्यावं. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-12 जीवनसत्त्वही तपासायला सांगा, त्याच्या कमतरतेनेही पाय बधिर होतात.