पान ४७ वरची टीप

मानसशास्त्रीय गुन्हेकथेत घाबरायचं ते खुन्याला, असा माझा बरीच वर्षं समज होता. पण खुनी बिचारा पुस्तकातच राहतो. मोकाट फिरतात ते आपल्याआधी पुस्तक वाचून झालेले लोक.

लायब्ररीतून साडेचारशे पानांची एक कादंबरी आणली. निवेदकाला निम्मं काही आठवत नाही, घर जंगलाच्या कडेला, आणि तळघराला कडी आतून. (आतून! त्या एका शब्दापायी मी रात्री दोनदा उठून आमचं दार बघून आलो. आम्हाला तळघर नाही.)

पहिला वार बायकोचा. तिचं आधीच वाचून झालं होतं. "मी काहीही सांगणार नाही," म्हणाली, आणि समोर बसून माझा चेहरा वाचू लागली.

"कुठवर आलास?"

"बहीण औषध घेऊन येते तिथवर."

"अच्छा."

त्या 'अच्छा'त असं काही होतं की पुढची साठ पानं मी बहिणीवर पाळत ठेवली. बहीण पुन्हा कथेत फिरकलीसुद्धा नाही.

दादाला प्रत्येक खुनी तिसऱ्या प्रकरणातच कळलेला असतो, फक्त हे तो पुस्तक संपल्यावर सांगतो. या वेळी मात्र तो चिडला होता. "फसवणूक आहे ही!" रोनाल्ड नॉक्स नावाच्या धर्मगुरूने १९२९ साली रहस्यकथेसाठी दहा नियम घालून दिले. गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकापासून लपवायचा नाही, हा त्यातलाच एक. दादा ते नियम संध्येसारखे म्हणतो. आता, इथे धागे सगळे समोरच असतात, पण ते हातात देणारा माणूसच भ्रमिष्ट. त्याला कुठला नियम लावणार? हे मी दादाला म्हणालो नाही. धाकटा आहे मी.

भाचा तर शास्त्राधार घेऊनच आला. "मामा, २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत बारा कथांवर प्रयोग केला. शेवट आधीच सांगितलेल्यांना कथा जास्त आवडल्या! रहस्यकथासुद्धा! तर ऐक..." मी कानांत बोटं घालून न्हाणीघर गाठलं.

घरच्यांना चुकवता येतं. पुस्तकातच दबा धरून बसलेल्याचं काय करायचं? पान ४७ वर डॉक्टरच्या नावाखाली पेन्सिलच्या दोन रेघा, आणि समासात बारीक, ठाम अक्षरात एकच शब्द: 'हाच.'

झालं. पुढची चारशे पानं मी डॉक्टरचा पिच्छा सोडला नाही. त्याने चष्मा पुसला, मी म्हटलं, पुरावा पुसतोय. तो विधवेचं सांत्वन करताना गहिवरला, मी म्हटलं, अट्टल आहे. पान ३१० वर डॉक्टरचाच खून झाला. वा, म्हटलं, काय बेमालूम सोंग! शवविच्छेदन झालं, पुरला, तरी मी तो कबरीतून उठायची वाट बघत होतो. दरम्यान खऱ्या खुन्याने माझ्या डोळ्यांदेखत कबुली दिली, ती मला दोनदा वाचावी लागली.

शेवटच्या पानाच्या तळाशी तीच पेन्सिल, तेच अक्षर, जरासं खजील: 'चुकलो.'

पुस्तक परत करायच्या आदल्या रात्री खोडरबर शोधून काढलं. लायब्ररीचं पुस्तक असं चिताडलेलं मला बघवत नाही. शेवटच्या पानावरचं 'चुकलो' तेवढं स्वच्छ खोडून टाकलं.