ग्रीक पाताळात जाताना घ्यायची काळजी

मेल्यावर कुठंतरी जायचंच आहे, तर हेडीसच्या राज्यात जा. परकं वाटणार नाही. राजा हेडीस हा देवांचा राजा झ्यूस याचा सख्खा भाऊ. निवाडा करणारे मायनॉस, ऱ्हाडामँथस आणि ईअ‍ॅकस हे तिघंही झ्यूसचेच चिरंजीव. उगाच घराणेशाहीच्या नावानं बोटं मोडू नका. घरचीच माणसं असली की कामं पटापट होतात.

निघताना सुट्टे पैसे घ्या. मेलेल्यांना पलीकडे नेणारा नावाडी कॅरॉन एक ओबोल घेतो, म्हणजे द्राख्मा या ग्रीक नाण्याचा सहावा हिस्सा. नाणं तोंडात ठेवायचं असतं. जुन्या ग्रीक थडग्यांत काही सांगाड्यांच्या तोंडात अशी नाणी सापडली आहेत. (म्हणजे त्यांचं भाडं अजून थकलेलंच आहे, पण हे कॅरॉनपाशी बोलू नका.) दर पक्का नाही बरं का! इ.स.पू. ४०५ मध्ये अथेन्सच्या रंगमंचावर आलेल्या अ‍ॅरिस्टोफेनीसच्या ‘बेडूक’ नाटकात तो दोन ओबोल झालाय. शिवाय भाडं भरायचं ठरवून नावेत बसलेल्या डायोनायससला, साक्षात देवाला, वल्हंही स्वतःच मारावं लागतं. त्याचा नोकर पडला गुलाम, त्याला नावेत जागा नाही. त्यानं तळ्याला वळसा घालून पायी यायचं. सामान न्यायला हमाल हवा म्हणून देवानं त्याआधी वाटेत एक प्रेत गाठलेलं असतं. प्रेत दोन द्राख्मा मागतं. देव नऊ ओबोलांवर येतो. प्रेत म्हणतं, त्यापेक्षा पुन्हा जिवंत झालेलं परवडलं! तेव्हा सामान बेतानंच घ्या.

पाताळाच्या दारावरच्या कुत्र्याला तीन तोंडं आहेत. मधात कालवलेला पिठाचा गोळा टाकला की गप्प बसतो. सगळ्या व्यवस्थेत चिरीमिरीला जागणारा तेवढा एकच.

पाहुणचार मात्र घेऊ नका. डाळिंबाचे दाणे खाल्ले म्हणून हेडीसची राणी पर्सेफनी दरवर्षी तिथं अडकते. ‘बसा ना’ म्हणाले तर उभेच राहा. थीसियस आणि पिरिथोअस हे दोन वीर बसले ते खुर्चीला चिकटलेच. थीसियसला हेराक्लीसनं ओढून काढलं. हा हेराक्लीस कुणाचा मुलगा, ते ओळखा. पिरिथोअस अजून बसलाय. खुर्ची सुटत नाही याला शिक्षा म्हणणारे लोक भलतेच भाबडे.

तहान लागेल, तरी पांढऱ्या सरूजवळच्या झऱ्याचं पाणी पिऊ नका, पुढं स्मृतीच्या तळ्यापर्यंत जा. दक्षिण इटलीत हिपोनियनला एका थडग्यात सापडलेल्या सोन्याच्या पत्र्यावर तसं लिहूनच ठेवलंय. पहारेकऱ्यांनी हटकलं तर काय म्हणायचं, तेही आहे: मी पृथ्वीचं आणि तारांकित आकाशाचं लेकरू, तहानेनं मरतोय. मेलेल्या माणसानं ‘मरतोय’ म्हणताना चेहरा गंभीर ठेवावा.