यवतमाळला समुद्र नाही म्हणे

जून २०२५ मध्ये फ्रान्समधल्या नीसला संयुक्त राष्ट्रांची महासागर परिषद भरली, तेव्हा आमच्याकडे कपाशीच्या बियाण्याची धावपळ चालली होती. पानठेल्यावर विषय काढला तर उत्तर ठरलेलं: "आपल्याले काय करा लागते समुद्राचं!"

करा लागते ना भाऊ. आमच्या राळेगावकडच्या नाल्यांचं पाणी वर्धा नदीला जातं. वर्धा चपराळ्याजवळ वैनगंगेला मिळते, दोघींची होते प्राणहिता, ती सिरोंच्याकडे गोदावरीत, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. युरिया टाकला अन् रात्री धो-धो कोसळला, की त्यातला बराचसा वावरात थांबतच नाही. युरियातल्या नत्रावर पाण्यात शेवाळ माजतं, ते कुजताना प्राणवायू संपतो, मासोळी गुदमरते. अमेरिकेत मिसिसिपी नदी मक्याच्या वावरांतलं खत मेक्सिकोच्या आखातात नेऊन ओतते. तिथे उन्हाळ्यात हजारो चौरस किलोमीटर पाण्याच्या तळाशी प्राणवायू जवळपास उरतच नाही. त्या मकावाल्यांच्या गावातही समुद्र नाहीच.

२०१५ मध्ये १९३ देशांनी शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं मान्य केली. चौदावं समुद्राचं. त्यातलं पहिलंच लक्ष्य म्हणतं, जमिनीवरून येणारा कचरा आणि खतांचं प्रदूषण २०२५ पर्यंत मोठ्या प्रमाणात कमी करायचं. २०२५ सरलं. खुल्या समुद्राचा करार जानेवारी २०२६ पासून लागू झाला, चांगलंच झालं. पण तो देशांच्या हद्दीबाहेरच्या पाण्याचा. नाल्याला कोण विचारतो?

सगळं शेतकऱ्याच्या माथी मारू नका मात्र. ४५ किलो युरियाची थैली २६६ रुपयांना आणि डीएपी या स्फुरदाच्या खताची १३५० ला, तर हात कुठे जाणार? माती परीक्षणाची पत्रिका येते, ती समजावून सांगायला कोणी येत नाही.

२०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. तेव्हा मास्क, हातमोजे यांवर भरपूर बोलणं झालं. रिकाम्या बाटल्या कुठे जातात, हे राहूनच गेलं. पावसाळ्यात आमच्या रपट्यावर, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावर, येऊन बघा. कीटकनाशकाच्या बाटल्या, बियाण्याची पाकिटं, ठिबकच्या फाटक्या नळ्या, त्यात गुंतलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या. एक पूर आला की रपटा साफ. ग्रामपंचायतीनं नाही उचललं, नदीनं उचललं.

प्लास्टिक प्रदूषणावरच्या जागतिक कराराची बोलणी ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हात फिसकटली. त्या करारासाठी थांबायचं कारण नाही. कीटकनाशकाच्या बाटलीमागे दहा रुपये अनामत घ्या. तीनदा धुऊन परत आणली की कृषी केंद्रानं पैसे द्यावेत, आणि त्या बाटल्या कंपनीनं न्याव्यात. माल उतरवून त्यांची गाडी तशीही रिकामीच परत जाते.