पौल विरुद्ध याकोब? फिरत्या दाव्याची वचनानुसार तपासणी

ख्रिस्ती तारणाविषयी एक मजकूर वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: विश्वास की कर्म, यावर बायबलचंच एकमत नाही. नव्या करारातल्या पत्रांत पौल म्हणतो तारण विश्वासाने, याकोब म्हणतो कर्मांनी. कॅथलिकांनी याकोब धरला, म्हणून ते सत्कृत्यं करून स्वर्ग कमावतात. प्रॉटेस्टंटांनी पौल धरला, म्हणून एकदा विश्वास ठेवला की त्यांना कसंही वागायची मोकळीक. आणि ‘केवळ विश्वासाने’ यातला ‘केवळ’ हा शब्द तर प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरने बायबलात घुसडला.

“पौल आणि याकोब एकमेकांना खोडून काढतात.”

पौलाच्या रोमकरांस पत्रातलं 3:28 आणि याकोब 2:24 शेजारी ठेवली की तसं वाटतं खरं. पहिल्यात माणूस नियमशास्त्राच्या (मोशेच्या यहुदी नियमांच्या) कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान, म्हणजे देवापुढे निर्दोष, ठरतो, दुसऱ्यात केवळ विश्वासाने नव्हे तर कर्मांनी. मूळ ग्रीकमध्ये ‘कर्म’ आणि ‘नीतिमान ठरणं’ यांसाठी दोघांचे शब्दही तेच आहेत, त्यामुळे भाषांतराकडे बोट दाखवून सुटका नाही. पण दोघांसमोरचा माणूस वेगळा आहे. यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्याने सुंता करून नियमशास्त्राखाली यायलाच हवं का, हा पौलापुढचा प्रश्न. याकोबासमोर आहे तो उघड्या-उपाशी भावाला “सुखाने जा, ऊब घे, पोटभर खा” एवढंच बोलून वाटेला लावणारा, आणि तरी माझा विश्वास आहे म्हणणारा. देव एकच आहे हे तर भुतंही मानतात आणि थरथर कापतात, असं याकोब त्याला सुनावतो (2:19). अशा नुसत्या मान्यतेला पौलानेही विश्वास म्हटलं नसतं; त्याच्या लेखी महत्त्व आहे ते प्रीतीतून कार्य करणाऱ्या विश्वासाला (गलती 5:6).

दोघंही दाखला देतात अब्राहामाचाच, आणि वचनही एकच: उत्पत्ती 15:6. इथे वयाचे आकडे नीट पाहावेत. अब्राहाम देवाच्या वचनावर विश्वास ठेवतो आणि ते त्याच्या खाती नीतिमत्त्व म्हणून जमा होतं, हे 15व्या अध्यायात. पुढच्या अध्यायात त्याचा मुलगा इश्माएल जन्मतो तेव्हा तो 86 वर्षांचा आहे. त्याची सुंता होते 99व्या वर्षी. म्हणजे नीतिमान ठरला तेव्हा सुंतेला अजून किमान 13 वर्षं होती, आणि पौलाचा सगळा युक्तिवाद या अंतरावर उभा आहे (रोम 4:10). दुसरा मुलगा इसहाक जन्मतो अब्राहामाच्या 100व्या वर्षी. देवाच्या आज्ञेवरून इसहाकाला अर्पण करायला अब्राहाम जी वेदी बांधतो, जिच्याकडे याकोब बोट दाखवतो, ती 22व्या अध्यायातली. तिथे इसहाक होमाची लाकडं स्वतः वाहून नेण्याइतका मोठा झालाय. त्या दिवशी 15:6चं वचन “पूर्ण झालं” असं याकोब म्हणतो (2:23). पौल आरंभ दाखवतो, तर याकोब कित्येक वर्षांनी झालेली त्याच आरंभाची कसोटी. हा क्रम उलटा केला, कसोटीलाच प्रवेशशुल्क मानलं, की दोन्ही पत्रं बिघडतात.

याच कारणाने इफिस 2:8-9 तोडून वाचणं आम्हाला खटकतं. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे, इथे बोट थांबतं. दहावं वचन सांगतं की आपल्याला सत्कृत्यांसाठीच निर्माण केलं आहे. ‘कर्मांनी नव्हे’ आणि ‘कर्मांसाठी’, दोन्ही एका श्वासात आहेत.

“कॅथलिक कर्मांनी तारण कमावतात.”

कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने 13 जानेवारी 1547 रोजी माणूस नीतिमान कसा ठरतो या विषयावर 33 नियम काढले. पहिलाच नियम असा: ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेवाचून माणूस स्वतःच्या कर्मांनी देवापुढे नीतिमान ठरू शकतो असं म्हणणारा शापित असो. हे नवंही नव्हतं; कृपेआधी माणूस स्वतःच्या बळावर विश्वासाची सुरुवात करतो हे मत फ्रान्समधल्या ऑरेंज गावच्या परिषदेने 529 सालीच नाकारलं होतं. पापांच्या शिक्षेत सवलत देणाऱ्या क्षमापत्रांचा बाजार झाला होता, हे मात्र खरं, आणि त्याची लाज वाटायलाच हवी. पैशांशी जोडलेल्या अशा सवलती पोप पाचवे पायस यांनी 1567 मध्ये रद्द केल्या. पण गैरव्यवहाराला सिद्धांत म्हणून खपवू नये.

“प्रॉटेस्टंटांना कर्मांची गरजच नाही.”

खुद्द ल्यूथर 1522च्या रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत लिहितो की आगीपासून उष्णता आणि प्रकाश वेगळे करता येत नाहीत, तशी विश्वासापासून कर्मं वेगळी करता येत नाहीत. 1530च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबात, म्हणजे ल्यूथरनांच्या अधिकृत श्रद्धाविधानात, सहावं आणि विसावं कलम सत्कृत्यांवरच आहे.

इथे येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराचं उदाहरण हमखास येतं: त्याने कुठे काय केलं? लूक 23:40-42 वाचा. त्याचे हातपाय जखडलेले, मोकळी होती फक्त जीभ. तिने तो सोबत्याला दटावतो, स्वतःची शिक्षा योग्य असल्याचं कबूल करतो, येशूला निर्दोष म्हणतो आणि मग त्याच्याकडे मागणं मागतो. त्याचं तारण या बोलण्याच्या मोबदल्यात झालं नाही. पण विश्वासाला जेवढी वाट मोकळी होती, तेवढ्या वाटेने तो बाहेर आलाच.

“‘केवळ’ शब्द ल्यूथरने घुसडला.”

रोम 3:28च्या त्याच्या जर्मन भाषांतरात तो आहे आणि ग्रीकमध्ये नाही, हे मान्य. 1530 मध्ये त्याने कारणही दिलं: एक गोष्ट नाकारून दुसरी मांडताना जर्मन माणूस असंच बोलतो, ‘शेतकरी केवळ धान्य आणतो, पैसे नाही’. कारण कुणाला पटो न पटो, सिद्धांत त्या शब्दावर टांगलेला नाही. 1611च्या इंग्रजी किंग जेम्स भाषांतरात या वचनात ‘केवळ’ नाही, तरी प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी तेच शतकानुशतकं वाचलं. याकोबाच्या पत्राला ल्यूथर ‘पेंढ्याचं पत्र’ म्हणाला, त्याला मागच्या पानांत ढकललं, पण वगळलं नाही.

मतभेद उरतो तो दुसरीकडे. ट्रेंटचा 24वा नियम म्हणतो की मिळालेलं नीतिमत्त्व सत्कृत्यांनी वाढतं, ती केवळ त्याची फळं आणि चिन्हं नव्हेत. प्रॉटेस्टंट म्हणतात, नीतिमान ठरणं हा देवाचा पूर्ण निर्णय आहे, त्यात वाढ-घट नाही. वाढतं ते पवित्रीकरण, म्हणजे माणसाचं जीवन हळूहळू पवित्र होत जाणं. 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक आणि ल्यूथरनांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कुठल्याही गुणवत्तेमुळे नव्हे, तर केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो आणि पवित्र आत्मा आपल्याला सत्कृत्यांसाठी बोलावतो, एवढं दोघांनी एकत्र म्हटलं. वाढीच्या प्रश्नावर मात्र दोघांची मांडणी त्या घोषणापत्रातही वेगवेगळी नोंदली आहे.