पोलिसाने 'युद्ध' हा शब्द टाकून दिला, त्याची गोष्ट

मी सिएटलला आलो तेव्हा गिल कर्लिकॉवस्की इथले पोलीसप्रमुख होते. मे २००९मध्ये ओबामांनी त्यांना अमली पदार्थ धोरणाच्या राष्ट्रीय कार्यालयाचे संचालक केलं. 'ड्रग झार' म्हणतात तेच पद. आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं, 'ड्रग्जविरुद्ध युद्ध' हे शब्द आता बंद. तुम्ही कितीही समजावलंत तरी लोकांना ते युद्ध आपल्याचविरुद्ध वाटतं, आणि या देशातल्या लोकांशी आपलं युद्ध नाही.

एखादा प्राध्यापक हे बोलला असता तर मी वाचून विसरलो असतो. पण हा माणूस १९७२ साली फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गला साधा पोलीस म्हणून लागलेला. पुढे बफेलोचा कमिशनर, मग जवळजवळ नऊ वर्षं सिएटल. बेड्या घालण्यात हयात गेलेला माणूस जेव्हा म्हणतो की नुसती धरपकड करून हे सुटणार नाही, तेव्हा मी कान देऊन ऐकतो.

त्यांच्यावर माझा रागही आहे. शब्द बदलले, तितका पैसा वळला नाही. निधीचा मोठा वाटा पोलीस, तुरुंग आणि सीमेवरच्या कारवाईकडेच जात राहिला. गांजा कायदेशीर करण्याबद्दल विचारलं की ते ठाम नाही म्हणायचे. (त्या पदावरच्या माणसाने विरोधच करायचा, असं तिथला कायदाच सांगतो, हे मला ठाऊक आहे.) २०१२मध्ये आमच्या वॉशिंग्टन राज्याने मतदान करून तो कायदेशीर केलाच.

एका गोष्टीसाठी मात्र मी त्यांना मानतो. मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सीच्या पोलिसांनी २०१०पासून गस्तीवर नॅलोक्सोन ठेवायला सुरुवात केली. अफू, हेरॉइनच्या अतिसेवनाने थांबत चाललेला श्वास परत आणणारं हे औषध. कर्लिकॉवस्कींच्या कार्यालयाने ते उदाहरण देशभर पुढे केलं. सिएटलच्या सायकलवरच्या पोलिसांकडे ते २०१६मध्ये आलं.

नंतर एका संध्याकाळी थर्ड अ‍ॅव्हेन्यूवर मी बसची वाट बघत होतो. फुटपाथवर एक पोरगा पडलेला, ओठ निळे. एका पोलिसाने सायकल तशीच आडवी टाकली, गुडघे टेकले आणि त्याच्या नाकात फवारा मारला. दोन-तीन मिनिटं गेली असतील. पोरगा खोकला. पोलीस त्याच्या खांद्यावर हात ठेवून अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत तिथेच बसून राहिला.