‘रीबूट करा आणि मोकळे व्हा’ : प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

चालू सर्व्हरला जादा प्रोसेसर दिल्यावर ऑपरेटिंग सिस्टीमने तो ओळखावा म्हणून काय करायचं, या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. रीबूट केलं की प्रोसेसर दिसतो, मग एवढं लिहायचं कशाला? लिनक्स नवा प्रोसेसर आपोआप घेतं, त्यामुळे हाताने चालू करण्याचा भाग फालतू आहे. आणि ‘व्हीएमवर सीपीयू हॉट-ॲड सरसकट चालू ठेवा’ हा सल्ला चुकीचा आहे. (व्हीएम म्हणजे खऱ्या मशीनवर सॉफ्टवेअरने उभं केलेलं आभासी मशीन, आणि हॉट-ॲड म्हणजे ते चालू असतानाच प्रोसेसर वाढवायची सोय.)

तिसरा आक्षेप पूर्णपणे मान्य. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, 8 च्या आधीच्या आवृत्त्यांत, हॉट-ॲड चालू केलं की व्हीएमला व्हर्च्युअल न्यूमा, म्हणजे रॅम आणि प्रोसेसर यांच्या जवळिकीचा नकाशा, दिसणं बंद होतं. चार प्रोसेसरच्या छोट्या मशीनला त्याने काही फरक पडत नाही. पण व्हीएम एका सॉकेटच्या (एका प्रोसेसर चिपच्या) कोअरमध्ये, म्हणजे चिपमधल्या स्वतंत्र प्रोसेसरमध्ये, मावत नसेल, तर कुठली रॅम कुठल्या प्रोसेसरच्या जवळची हे आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमला कळत नाही आणि मोठा डेटाबेस मार खातो. ‘सरसकट’ हा शब्द मी लिहायलाच नको होता, तो लेखातून काढला आहे. शिवाय हॉट-ॲड चालू करायची सेटिंगमधली खूण व्हीएम बंद असतानाच करता येते, हेही राहून गेलं होतं. ज्यांनी ती आधी केलेली नाही, त्यांना एकदा तरी मशीन बंद करावंच लागणार.

पहिल्या दोन आक्षेपांवर मात्र मी ठाम आहे.

मी हा विषय ज्या ठिकाणी शिकलो तिथे रीबूट हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. एका साखर कारखान्यात गळीत हंगाम चालू होता, काट्याचं सॉफ्टवेअर दोन प्रोसेसरच्या डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) व्हीएमवर होतं आणि वजनाची पावती निघायला मिनिट-मिनिट लागत होतं. बाहेर ऊस भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली. काटा चोवीस तास चालतो. दहा मिनिटं बंद ठेवला तरी रात्रभर थंडीत थांबलेल्या ड्रायव्हरला त्याचं उत्तर आपण द्यायचं असतं. हॉट-ॲडची खूण सुदैवाने आधीच होती. मी दोनाचे चार प्रोसेसर केले, होस्टच्या, म्हणजे व्हीएम ज्या खऱ्या मशीनवर चालते त्याच्या, पडद्यावर चार आले, आत टॉप या कमांडमध्ये मात्र दोनच. कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, दृष्टीने दोन नवे प्रोसेसर ‘हजर’ होते, पण ‘ऑनलाइन’ नव्हते. सिस फाइलसिस्टीममध्ये (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दिसते तिथे) प्रत्येक प्रोसेसरच्या नावाचं फोल्डर असतं, त्यात ऑनलाइन नावाची फाइल असते. दोन्ही फाइलींत 0 च्या जागी 1 लिहिला आणि लोड उतरू लागला.

तुम्ही म्हणता ते ‘आपोआप’ खोटं नाही, पण ते लिनक्सच्या कर्नलमुळे होत नाही. नवं हार्डवेअर आलं की काय करायचं ते बघणाऱ्या यूडेव्ह या प्रोग्रॅमचा एक छोटा नियम असतो : नवा सीपीयू आला आणि तो ऑनलाइन नसेल तर त्याच्या फाइलीत 1 लिही. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 7 मध्ये तो नियम आयता मिळतो, म्हणून तिथे वावरणाऱ्याला सगळं आपोआप वाटतं. त्या डेबियनवर तो मला स्वतः लिहावा लागला.

आता रीबूट. कर्नलच्या बूट ओळीत (सुरू होताना त्याला मिळणाऱ्या सूचनांत) कुणी कधीकाळी मॅक्ससीपीयूज किंवा एनआर-सीपीयूज ही प्रोसेसरची मर्यादा घालून ठेवली असेल, तर शंभर वेळा रीबूट करा, तीच ओळ पुन्हा वाचली जाईल आणि तेवढेच प्रोसेसर चालू होतील. विंडोज सर्व्हरवर एसक्यूएल सर्व्हर 2019 या डेटाबेसची स्टँडर्ड आवृत्ती चार सॉकेट किंवा 24 कोअर, यातलं जे कमी असेल तेवढंच वापरते. व्हीएमला आठ सॉकेट आणि प्रत्येकी एक कोअर असं दिलं असेल तर टास्क मॅनेजरमध्ये आठ दिसतात, डेटाबेस चारांवरच घाम गाळतो. इथे रीबूटने काहीच होत नाही. मशीन बंद करून दोन सॉकेट आणि प्रत्येकी चार कोअर अशी मांडणी केली की आठही कामाला लागतात.

माझं पहिलं मशीन तर याहून जुनं. पेंटियम थ्रीचा टॉवर सर्व्हर, त्यावर एकाच प्रोसेसरनिशी विंडोज 2000 सर्व्हर टाकलेलं. दुसरा प्रोसेसर बसवला, बायोसने दोन्ही दाखवले, विंडोजमध्ये आलेख एकच. मी चार वेळा रीबूट केलं. इन्स्टॉल होताना सेटअपने एकाच प्रोसेसरचं कर्नल आणि हाल (कर्नल आणि हार्डवेअर यांच्यामधला थर) उतरवून घेतलं होतं, त्यामुळे दुसऱ्याकडे बघणारं तिथे कुणी नव्हतंच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम्प्युटरखाली ‘एसीपीआय युनिप्रोसेसर पीसी’ होतं, ते बदलून ‘एसीपीआय मल्टिप्रोसेसर पीसी’ केलं, तेव्हा पुढच्या रीबूटला दोन आलेख आले. (तिथे ‘स्टँडर्ड पीसी’ असेल तर हा प्रयोग करू नका, बहुतेक वेळा मशीन परत उठतच नाही.) तिथेही रीबूट लागलं, पण ते नक्की काय बदलल्यानंतर करायचं हे कळायला माझे दोन दिवस गेले. ते दोन दिवस दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत, म्हणून मी इतकं लांबण लावून लिहितो.

अजून एक, जे मूळ लेखात अपुरं होतं. प्रोसेसर ऑनलाइन आला तरी आधीपासून चालू असलेला प्रोग्रॅम तो वापरेलच असं नाही. पोस्टग्रेस हा डेटाबेस प्रत्येक जोडणीला वेगळी प्रोसेस देतो, त्यामुळे कर्नल त्या लगेच नव्या प्रोसेसरवर पसरवतं. एनजिनएक्स या वेब सर्व्हरला वर्कर (काम करणाऱ्या प्रोसेस) ‘ऑटो’ ठेवले असतील तर तो सुरू होताना प्रोसेसर मोजतो, जावाचे कचरा (न लागणारी मेमरी) उचलणारे थ्रेडही सुरुवातीलाच ठरतात. अशा वेळी मशीन नाही, फक्त ती सर्व्हिस पुन्हा सुरू करा.

तुमच्या एका सर्व्हरवर रीबूटनंतरही दोन प्रोसेसर कमीच दिसतात, असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. तिथे प्रोसेसर मोजणाऱ्या एनप्रोकवर विसंबू नका, तो फक्त त्या प्रोसेसला परवानगी असलेले मोजतो. एलएससीपीयू या कमांडमधली ऑफलाइन यादी, सिसमधल्या पॉसिबल (जास्तीत जास्त शक्य), प्रेझेंट (हजर) आणि ऑनलाइन या तीन फाइलींतले आकडे आणि प्रॉक फोल्डरमधली सीएमडीलाइन फाइल (यात बूट ओळ असते) एवढं इथेच खाली टाका. पॉसिबलचा आकडाच कमी असेल तर अडचण बूट ओळीत किंवा होस्टच्या सेटिंगमध्ये आहे. तो बरोबर असून ऑनलाइन कमी असेल तर आधी मॅक्ससीपीयूज शोधा, मग यूडेव्हचा नियम बघा.