ईमेल सर्व्हरवर ‘कायम’ राहत नाही

आमच्या मोठ्या बाबांच्या निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश आला आणि त्यांनी तो अक्षरशः पाळला, म्हणून हे लिहावे लागत आहे. संदेश असा : ‘ईमेल डिलीट केला तरी तो फक्त मोबाईलमधून जातो, मूळ मेल सर्व्हरवर कायम राहतो. सगळे मेल उडवा, बिनही रिकामे करा, मोबाईल वेगवान होईल. गरज पडली की संगणकावर जीमेल उघडा, सगळे मेल तिथे मिळतील. तुम्ही पाठवलेला मेल डिलीट केला की समोरच्याकडचाही जातो.’ ऐन सोंगणीच्या धामधुमीत मोठे बाबा यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून तालुक्याच्या सेवा केंद्रात गेले, तिथल्या संगणकावर खाते उघडले आणि पडद्यावर काहीच नव्हते. त्यांनी तिथूनच मला फोन केला, “बापू, थे सर्व्हर कुठी असते? तिथं जाऊन पाहू नं.”

जाऊन पाहण्यासारखे तिथे काही उरलेले नव्हते. जीमेलचे मेल मुळातच सर्व्हरवर, म्हणजे गूगलच्या संगणकांवर असतात. मोबाईलमधले ॲप आणि संगणकावरचे पान ही एकाच कोठीची दोन दारे आहेत. एका दारातून ज्वारी काढली तर दुसऱ्या दारातून ती दिसणार कशी? डिलीट केलेला मेल आधी बिनमध्ये जातो, तिथे ३० दिवस राहतो आणि मग आपोआप कायमचा पुसला जातो. संदेशात ‘बिनही रिकामे करा’ असे सांगितले आहे, हा त्यातला सर्वांत घातक भाग आहे. कारण चूक लक्षात येण्यासाठी जी महिनाभराची सवड ठेवलेली आहे, तीच त्या एका वाक्याने हिरावून घेतली.

मी एका शेतकरी उत्पादक कंपनीचे वेब ॲप्लिकेशन सांभाळतो. सभासदांचे बियाण्याच्या मागणीचे मेल वाचायचे, नोंद करायची आणि ते मेल सर्व्हरवरून काढून टाकायचे, हे त्यातले एक काम आहे. त्यामुळे ‘सर्व्हरवर मेल राहतोच’ ही समजूत कुठून निघाली असावी, हे मला ठाऊक आहे. सर्व्हरवरचे मेल हाताळण्याचा जो आयमॅप नावाचा प्रमाणित संकेत आहे (त्याची २०२१ सालची आवृत्ती आरएफसी ९०५१ या क्रमांकाचा इंटरनेट-नियमांचा दस्तऐवज म्हणून सर्वांना वाचायला खुली आहे), त्यात पुसण्याच्या दोन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीत मेलवर ‘डिलीटेड’ अशी खूण होते. मेल जागेवरच राहतो. दुसरी ‘एक्स्पंज’ ही आज्ञा दिली की खूण केलेले मेल त्या मेलपेटीतून कायमचे काढले जातात. सुरुवातीला मी दुसरी आज्ञा लिहायला विसरलो होतो. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतल्या ‘आयमॅप डिलीट’ या तयार आज्ञेचे नाव पाहून मेल गेला असे मी धरून चाललो, आणि एका सभासदाच्या दहा बॅगांची मागणी दुसऱ्या दिवशी पुन्हा नोंदली गेली. असा अनुभव आलेल्या कोणी ‘सर्व्हर काही पुसत नाही’ असा निष्कर्ष काढला असेल, तर तो अर्धवट आहे. एक्स्पंज झाले की त्या पेटीत मेल राहत नाही.

अर्धे खरे आणखी एक आहे, तेही मान्य करतो. पूर्वी पॉप पद्धतीने मेल संगणकावर उतरवून घेत. ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ हा पर्याय निवडलेला असेल, तर संगणकावरची प्रत पुसली तरी सर्व्हरवरची राहत असे. शिवाय पुसलेली माहिती आपल्या यंत्रणेतून पूर्ण जायला साधारण दोन महिने लागतात आणि बॅकअपमध्ये ती सहा महिन्यांपर्यंत राहू शकते, असे गूगल स्वतःच सांगते. परंतु त्या बॅकअपची किल्ली ना मोठ्या बाबांकडे आहे, ना सेवा केंद्राच्या चालकाकडे.

मोबाईल वेगवान होण्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. जीमेलची मोफत १५ जीबी जागा गूगलकडची आहे, मोबाईलमधली नव्हे, आणि ती ड्राइव्ह व फोटोंसह मिळून आहे. फोनमध्ये सहसा अलीकडच्या काही दिवसांचेच मेल उतरवलेले असतात. ते उडवून फोन धावू लागत नाही.

समोरच्याकडचा मेल जातो, हे तर साफ खोटे आहे. व्हॉट्सॲपच्या ‘सर्वांसाठी डिलीट करा’ची सवय ईमेलला चिकटवली आहे. पाठवणाऱ्याची प्रत वेगळी, मिळणाऱ्याची वेगळी. त्यामुळेच मोठ्या बाबांच्या दोन हंगामांच्या काटा पावत्या मला कंपनीच्या ‘सेंट’मधून पुन्हा पाठवता आल्या, काट्यावरच्या कागदी पावत्या तर कपाटातच फिक्या पडून कोऱ्या झाल्या होत्या. परंतु दुबईला गेलेल्या एका विद्यार्थ्याने त्यांना सात वर्षे लिहिलेली पत्रे परत मिळाली नाहीत, कारण त्या विद्यार्थ्याचे ते खाते आता बंद आहे.

हा संदेश वाचून कोणी मेल उडवले असतील आणि बिन अजून रिकामे केले नसेल, तर आजच जीमेल उघडून ‘बिन’मध्ये जावे, हवे ते मेल निवडावेत आणि ते इनबॉक्समध्ये हलवावेत. ३० दिवस मेल उडवल्याच्या तारखेपासून मोजायचे आहेत.